जाहीर करण्याजोगं

एकतीस वर्षं बार्शीच्या जकात नाक्यावर काढली मी.
पोतं बोटानं दाबून सांगायचो,
वर मटकी पसरलीय, खाली तूर आहे.
म्हणून लेव्हनवर्थच्या त्या दुकानात
माझा हात आपोआप
वस्तूंच्या बुडाकडे गेला.

अक्रोड फोडणारा लाकडी शिपाई: चीन.
पीस खोवलेली हिरवी टोपी: व्हिएतनाम.
गाईच्या गळ्यातली घंटा, लाल रिबीन बांधलेली,
तिचं लेबल कुणीतरी नखानं खरवडलेलं,
उरलेल्या अक्षरांवरून मी मुरादाबाद वाचलं
आणि कुणाला बोललो नाही.
खिडकीतून डोंगर दिसत होते, बर्फासकट.
त्यांना बूड तपासायची सोय नव्हती.

मृण्मयी सांगत होती,
बाबा, हे गाव जर्मन नाहीच मुळी.
रेल्वे दुसरीकडून गेली, लाकडाची गिरणी बंद पडली,
मग सगळ्यांनी बसून ठरवलं, आपण आल्प्स व्हायचं.
सज्जे लावले, कुंड्या टांगल्या,
पेट्रोल पंपालासुद्धा नक्षीची अक्षरं.
मला आमचा बहुरूपी आठवला.
फौजदार होऊन यायचा थेट नाक्यावर,
आम्हालाच दरडवायचा,
आणि आम्ही खरे सरकारी
हसत त्याच्या हातावर दोन रुपये ठेवायचो.
पोटासाठी घेतलेल्या सोंगाला
जकात लावत नाहीत.

खिशात कुमुदची यादी.
शकूवन्सं, पाटसकर वहिनी, लाँड्रीवाला इक्बाल,
जिन्याखालच्या मुली दोन (भांडतील, सारखंच घ्या).
यादीत नसलेला एक आवाजही होता,
उंबऱ्यात चप्पल काढायच्या आत येणारा,
"काय आणलंस?"
पक्षी बाहेर येणारं घड्याळ दोनशे एकोणनव्वद डॉलर.
मी मनात गुणाकार केला,
पक्षी आत गेला.
चुंबकं घेतली. अकरा.

गल्ल्यावर वांडा नावाची बाई,
झालरीचा झगा, खाली पळायचे बूट.
म्हणाली, सगळं उलटं करून बघताय, तपासनीस होतात का?
मृण्मयीनं जकात समजावली,
गावात माल शिरताना द्यायचा कर.
बाई हसली,
आम्हीही तेच घेतो की येणाऱ्यांकडून,
फक्त आधी हातात काहीतरी देतो.

मग का कोण जाणे, ती खाली वाकली
आणि टेबलाखालून एक हातोडा काढला.
वडिलांचा. गिरणीतला.
ओंडक्याच्या तोंडावर मारायचा,
कुणाचं लाकूड ते कळावं म्हणून.
टोकाला गोल, गोलात उलटा सात.
विकायचा नाही, तिनं आधीच सांगून टाकलं.
मी फक्त वजन घेतलं.
आमचा शिक्का पितळी होता, एवढा जड नव्हता,
नाका मोडला तेव्हा तो कुठे गेला
हे मी कधी विचारलंही नाही.

तिनं देवदाराची एक चकती घेतली,
दोन्ही हातांनी ठोका मारला.
तिरका पडला, सात अर्धाच उठला.
दुसरी घेतली, नीट मारली, पुढे केली.
मी पहिली मागितली.
पैसे घेईना. पावती नाही.
हयातीत पहिल्यांदा
पावतीशिवाय माल गावाबाहेर काढला मी.

मुंबईला हिरव्या वाटेवर एका पोरानं बॅग उघडायला लावली.
हे काय, काका?
लाकूड.
किंमत?
मी इतका वेळ गप्प राहिलो
की तो कंटाळून जा म्हणाला.

चुंबकं दोन दिवसांत वाटून संपली.
इक्बालनं त्याचं इस्त्रीला चिकटवलं,
पुढचं काय झालं ते त्याचं त्याला माहीत.
शकूताई आली, आपलं घेतलं, जरा हिरमुसली,
घड्याळाचं तिला कुणीतरी आधीच सांगितलं होतं.
टीपॉयवरची चकती पाहून म्हणाली, हे बरं आणलंस,
आणि चहाचा कप तिच्यावर ठेवला.

मी काही बोललो नाही.
कप उचलला तेव्हा
गोलावर दुसरा गोल उठला होता,
थोडा तिरका.