सावली मोजताना

पहिल्या आठवड्यात सगळे वरच बघत होते.
विमान हरवलं म्हटलं की मान आपोआप वर जाते.
मग कुणीतरी समुद्राचा नकाशा पसरला
आणि नजरा खाली आल्या,
त्या अजून खालीच.

टपाल होतं त्यात, इन्सुलिनची खोकी, एक शिलाई मशीन,
आणि दोन वैमानिक.
फ्लोरेस बेटावरून उडालं, तेर्सेराला उतरलं नाही.
मधे साडेतीनशे किलोमीटर पाणी,
पाण्याखाली डोंगर,
ज्यांच्या पायथ्याला कुणी कधी गाव वसवलं नाही.

नवव्या दिवशी एक सीटची गादी मिळाली, पार पूर्वेला.
अकराव्या दिवशी टपालाची थैली, दक्षिणेला.
गादी वाऱ्याचं ऐकते, थैली प्रवाहाचं.
एकाच घरातले दोन साक्षीदार
दोन वेगळ्या गावांचे पत्ते सांगत होते.

काळी पेटी, जी खरं तर नारिंगी असते,
तीस दिवस टिकटिकली असेल.
एकतिसाव्या दिवशी तिची बॅटरी संपली.
बत्तिसाव्या दिवशी वादळ निवलं.

लिओनिल्द रात्रपाळीला बसते.
जहाजामागे सहा किलोमीटर तार,
तारेच्या टोकाला पिवळा लोखंडी मासा
तळाच्या जरासा वरून सरकतो,
दोन्ही अंगांना हाका घालत.
पट्टा संपला की वळायचं.
वळायला पाच तास लागतात.
तेवढ्यात स्वयंपाकी जेवून, भांडी घासून
एक झोप काढून उठतो.

सोनार म्हणतात या यंत्राला.
कसाला मात्र लागतो नुसता चिखल.

पडद्यावर वस्तू ओळखू येत नाही, सावली येते.
सावलीच्या लांबीवरून उंची काढायची.
चौदा तारखेला पंख दिसला; खडक निघाला.
सतराला पिंपं, कुणीतरी रात्री गुपचूप ढकललेली.
एकविसाला एक सरळ रेघ.
"निसर्ग पट्टी वापरत नाही," मुख्य अभियंता म्हणाला,
आणि सगळे चपला न घालताच धावत आले.
जुनी तार होती,
एका खंडाचे निरोप दुसऱ्याला पोचवणारी,
केव्हाचीच मुकी.

तिचा आजोबा एव्हारिस्तू पिकू बेटाच्या कड्यावर
दगडी खोलीच्या फटीतून देवमासे टिपायचा.
मासा शोधू नये, म्हणायचा,
समुद्र जिथे समुद्रासारखा वागत नाही
तिथे बघावं.
आता त्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू.
तिने फोनवर विचारलं, आणि तळाचं काय?
बराच वेळ नुसती खरखर.
"तळ आम्ही कुठे बघितला गं.
वर आलं तेवढंच आमचं."

जहाज इंधनाला ऑर्ताच्या बंदरात लागतं
तेव्हा अमिल्कार येतो,
सहवैमानिकाचा भाऊ, पाव विकणारा.
कागदात गुंडाळलेला पाव तिच्या हातात देतो.
सापडलं का, असं विचारणं त्याने सोडलंय.
विचारतो, "कुठे नाही, ते कळलं?"
ती नकाशावरचे राखाडी पट्टे दाखवते.
तो प्रत्येकावर बोट टेकवतो.
इथे नाही.
इथे नाही.
पिठाचे ठसे उमटतात, ती पुसत नाही.
"आई मेणबत्ती लावते," तो म्हणतो,
"पण कुठल्या दिशेला लावायची कळत नाही,
म्हणून रोज खिडकी बदलते."
मग हिशेब चुकता करावा तसं:
"घराला चारच खिडक्या आहेत."

पैसे शुक्रवारपर्यंतचे.

बुधवारी पहाटे तीन चाळीसला
पडद्याच्या डाव्या कडेला काहीतरी.
तिने सावली मोजली. पुन्हा मोजली.
वहीत लिहिलं: खूण दोनशे बारा,
खात्री: कमी.
'कमी' खोडून परत 'कमी'च लिहिलं.
वर कळवलं, वळा.

खाली स्वयंपाकघरात दिवा लागला.
कुणीतरी पीठ मळायला घेतलं.