साडेसात शिलिंग

फ्लीटवुडच्या रीगल हॉलमध्ये
एकोणतीस वर्षं मी आकडे पुकारले.
निळा कोट, बो-टाय, गालात पुदिन्याची गोळी,
आणि समोर चारशे बायकांच्या माना खाली.
चर्चमध्येसुद्धा इतक्या एकदम झुकत नाहीत.

पेटीतून हवेवर नाचत चेंडू यायचा वर.
नुसता आकडा मी कधीच दिला नाही,
नुसता आकडा म्हणजे आळणी सूप.
अकरा म्हटलं की आधी पाय,
मागच्या रांगेतून शिट्टी.
बावीस म्हणजे दोन बदकं,
सगळा हॉल क्वॅक क्वॅक करायचा,
गोदीवरून थेट आलेल्या,
मनगटावर अजून खवले चिकटलेल्या बायकासुद्धा.
खटाखट खटाखट, सहासष्ट!
डॉक्टरचा हुकूम, नऊ.
ही पलटणीतली जुलाबाची गोळी म्हणे,
माझ्या बापाने घेतली होती.
या आकड्याला तो कधी हसला नाही.

अठ्ठ्याऐंशीला थ्रेलफॉल बहिणी उठून उभ्या राहायच्या,
दोन जाड्या बायका, जातीने हजर,
स्कर्टची टोकं धरून लवायच्या.
मग एका फेब्रुवारीत एकटी डॉट उठली.
मी पुकारलं तेच: दोन जाड्या बायका.
आकडा अर्धा करून पुकारता येत नाही.

बेरिलला तिकीट मिळायचं नाही.
पुकारणाऱ्याच्या बायकोने खेळायचं नाही, असा नियम.
तरी दर गुरुवारी ती यायची,
खांबाजवळ बसायची चहा आणि विणकाम घेऊन,
एकाच आकड्याची वाट बघत.
शहात्तर. सात आणि सहा.
सात शिलिंग सहा पेन्स,
लग्नाच्या परवान्याची जुनी किंमत.
मी विचारायचो, ‘काय मंडळी, वसूल झाले का पैसे?’
आणि सुया न थांबवता ती ओरडायची,
‘पै न् पै!’
भांडणाच्या आठवड्यात मात्र:
‘हप्ते थकलेत अजून!’
चारशे माना वर व्हायच्या तेव्हा.

रीगलमध्ये आता गालिचे विकतात.
बेरिल फोनवर खेळते,
स्वयंपाकघरात, चष्मा नाकाच्या शेंड्यावर.
फोनला ठाऊक नाही ती कुणाची बायको.
काचेखाली चेंडू घरंगळतात, वजन नसलेले,
एक मुलगी आकडे वाचते
बँकेत टोकन पुकारावं तशी.
पलीकडे कोण? कुणी फुलपाखरू एकोणीस,
कुणी नॅनापॅम, कुणी लकीलेस्टर.
कुणी कुणाच्या खुर्चीवर हक्क सांगत नाही.
जिंकलं की पडद्यावर रंगीत कागद उडतात,
ते झाडावे लागत नाहीत.
हरलेलंही तसंच जातं, चाहूल न लागता.

मार्चमध्ये बँकेचं पत्र आलं.
दोनशे बारा पौंड, बरेचसे पहाटे तीनचे.
मी काही बोललो नाही.
एकोणतीस वर्षं लोकांच्या बायकांचे पैसे
मीच गोड आवाजात घेतले होते.

तिनेच मग मर्यादा लावून घेतली,
आठवड्याला पाच पौंड.
त्या मुलीचा आवाज बंद केला,
आकड्यांवर आपोआप पडणारी खूणही बंद.
आणि पायाने एक खुर्ची ढकलली माझ्याकडे.

तर आता मी. घसा बसलेला, दात नवे.
फोन कायम अर्धा सेकंद माझ्यापुढे.
दाराची किल्ली, एकवीस.
दुकानाचा माथा, नव्वद.
माझं म्हणून झाल्याशिवाय ती बोट टेकवत नाही,
त्यात कधी कधी आकडा हुकतो,
डाव लेस्टरकडे जातो.
जाऊ दे म्हणते.

काल शहात्तर आला.
मी विचारलं, अगदी जुन्या आवाजात,
म्हणजे जेवढा उरलाय तेवढ्यात.
केटल उकळत होती.
तिने मान वर केली नाही.
‘थांब रे,’ म्हणाली,
‘अजून दोन आकडे बाकी आहेत.’