सोळा बाय सोळा

महाप्याच्या डेटा सेंटरच्या गेटवर
रात्रपाळी माझी. दोन ते चार या वेळात
कुणी येत नाही, तेव्हा फोनवर
बारीक चौकटी भरत बसतो.
फ्लेमिंगो काढलाय. ऐरोलीच्या खाडीवरचा.
एकवीस रंग लावून.

जुईलीनं, आमच्या सुपरवायझरच्या आठवीतल्या मुलीनं,
फोन हातभर लांब धरला,
डोळे किलकिले केले.
"मान मस्त आलीये, काका. तिला हात लावू नका."
मग जरा थांबून,
"पण ऊन कुठून येतंय?"

ऊन?
मी तर चहूबाजूंनी सावली फिरवली होती,
उशीला झालर लावावी तशी.

"आणि पाठीच्या पायऱ्या मोजा.
तीन, एक, चार, एक.
उतरणाऱ्याचा पाय मुरगळेल ना!
चार, तीन, दोन, एक करून बघा.
आणि रंग पाचच."

सोळा रंग पुसताना
खाडे लागून पगार कापला जावा
तसं वाटलं.
पाठ मात्र उतरली,
पारसिकचा डोंगर उतरतो तशी, न अडखळता.

सकाळी सुटलो तो घरी न जाता खाडीवर.
ओहोटी. पक्षी चिखलात चोची खुपसून.
ऊन डोंगरामागून, एकाच अंगाला;
दुसरं अंग राखाडी.
खरं बोलली पोरगी.

पण पोटाखाली
पाण्यावरून परतलेला उजेड होता थोडा,
फिकट, एका चौकटीपुरता.

तो सहावा रंग मी ठेवलाय.
भांडेल ती.
भांडू दे.