चौदा पौंड

सुपीरियर सरोवराच्या काठी, पहाटे साडेपाचला,
ओल्या गवतावर मी मांडवाचे चार पाय फाकवतो.
दहा बाय दहा फूट. पांढरं छत.
हेल्मी गाडीत बसून कॉफी पिते.
तिचं काम मार्चमध्येच संपलं, म्हणते.
माझं आता सुरू.

आधी पायांना वजनं,
पाइपात सिमेंट ओतून घरीच केलेली, चाळीस-चाळीस पौंडांची.
गेल्या जुलैत शेजारच्या एल्डनचा मांडव
वाऱ्यानं उचलला नि थेट पाण्यात नेला,
त्यानं कोरलेल्या लाकडी बदकांसकट.
बदकं छान तरंगली.
एल्डन यंदा आलेला नाही.

मग छताखाली, पायापासून पायापर्यंत, आडवी नळी.
छताच्या कैचीला थेट काही टांगायचं नाही.
कैची मिटण्यासाठी जन्मलेली असते,
तिच्यावर ओझं टाकलं की कंबरेत वाकते.
हे मला एका ऑगस्टमध्ये कळलं,
आणि परतीच्या दोनशे मैलांत
हेल्मी एक शब्द बोलली नाही तेव्हा पक्कं कळलं.

नळीला साखळ्या, साखळ्यांना हूक,
हुकांना जाळीचे तीन पडदे, राखाडी कापड चढवलेले.
खालच्या कडा एकमेकींना बांधायच्या,
नाहीतर भिंतीच झोके घेतात
आणि गिऱ्हाईक मान वाकडी करून बघत राहतं.

चित्रं मीच चढवतो.
रंगातलं मला काही कळत नाही.
खनिजाच्या धक्क्यावर एकतीस वर्षं काढली,
मला वजनातलं कळतं.
डोळे मिटून सांगेन:
‘बर्फ फुटताना’, चौदा पौंड, काचेसकट.
‘आईचा सॉना’, नऊ.
‘अस्वल जाऊन गेल्यावर’, पाच.
लोक म्हणतात, केवढा खोल निळा!
मी मनात म्हणतो, चौदा.
डावीकडे चौदा, तर उजवीकडे नऊ नि पाच.
हेल्मी येते, दोन पावलं मागे सरते,
म्हणते, ही दोन शेजारी शोभत नाहीत.
शोभत नसतील, तोलतात.
सकाळी सातला हा एवढाच वाद.
बाकीचे आम्ही घरी घालतो.

दुपारी एक बाई आल्या, टोलेडोहून,
‘बर्फ फुटताना’पुढे थांबल्या,
इतक्या की हातातलं आइस्क्रीम
मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं.
किंमत वाचली. पुन्हा वाचली.
हे, म्हणाल्या.

अकरा वर्षं हेल्मी त्याची किंमत वाढवत नेत होती,
कुणी घेऊ नये म्हणून.
आणि अकरा वर्षं मी ते
चढवत होतो, उतरवत होतो,
ती का वाढवते ते न विचारता.

काढलं. गुंडाळलं. बाईंच्या गाडीपर्यंत पोचवलं.
परत येतो तो डावा पडदा हलका झालेला,
वाऱ्यानं त्याला शिडासारखा धरलाय,
त्याच्यामागे मागचा, मागच्यामागे उजवा,
सॉना तिरका, अस्वल घसरणीला.
हेल्मी कुठे दिसेना.

हाताशी होतं ते टांगलं, पडद्याच्या पाठीमागे:
गॅलनभर पाण्याचा कॅन, आठ पौंड.
थर्मास, तीन.
उरलेल्या तिनासाठी माझे बूट.
पडदा दोनदा डुलला, थांबला.

पुढून फक्त राखाडी कापड,
त्यात एक रिकामा चौकोन, आजूबाजूपेक्षा जरा गडद,
ऊन न लागलेला.

ती आली. तोंड धुतलेलं होतं.
चौकोनाकडे बघितलं, माझ्या अनवाणी पायांकडे बघितलं,
पडद्यामागे गेली.
कॅनचं झाकण फिरल्याचा आवाज,
मग घोट, बराच लांब,
मग पुन्हा हुकाचा खट्.

आता चौदा भरत नसणार.
मी हात लावून पाहिलं नाही.