हिरवा, असं लिहिलंय

आरसी बुकात रंगाच्या रकान्यात
कुणा कारकुनानं टाकानं लिहिलंय: हिरवा.
बस्स.
आता हिरवा म्हणजे कुठला?
कारल्याचा, की कैरीच्या सालीचा,
की सरकारी दवाखान्याच्या भिंतीला
कमरेपर्यंत मारतात तो?
चौपन्न साली हिरवा बहुतेक एकच असावा,
निदान त्या कारकुनाच्या टेबलावर.

नाना पेठेत दस्तगीर मिस्त्रींच्या शेडमध्ये
आत्याची डुक्कर फियाट विटांवर चढवलीय.
चाकं नाहीत, काचा नाहीत,
दिवे काढल्यामुळे चेहरा
कवळी वाटीत ठेवलेल्या माणसासारखा.
मी बॉनेटवर शेडकार्डं पसरून बसलोय.
एकतीस वर्षं पिंपरीच्या कारखान्यात
उजेडाच्या पेटीत पत्रा धरून
मी रंग पास आणि नापास करत आलो.
पण तिथं नमुना शेजारी असायचा.

मिस्त्री कार्डांकडे बघत नाहीत.
ओल्या पॉलिश पेपरनं दरवाजाचा एक कोपरा
गोल गोल घासत जातात.
वरचा पांढरा, चुलतभावाच्या लग्नासाठी घाईत मारलेला.
त्याखाली मरून, तो कुणालाच आठवत नाही.
मरूनखाली आकाशी.
ह्या आकाशीत मी मागच्या सीटवर ओकलो होतो
कात्रजच्या घाटात, वय वर्षं सहा.
मला विचाराल तर मूळ रंग हाच.
मग लांबी, मग परत लांबी,
आणि चकतीच्या मधोमध, रुपयाएवढं,
हिरवट काहीतरी.

"हा उन्हानं मेलाय साहेब," मिस्त्री म्हणाले,
"जिता बघायचा तर आत."
आणि डॅशबोर्डखाली उताणे शिरले, पाय बाहेर.
"आरसा द्या."
आरशात, टॉर्चच्या उजेडात,
ग्लोव्हबॉक्सच्या पाठीमागे
सत्तर वर्षं ऊन न बघितलेला वीतभर पत्रा:
कच्च्या बडीशेपेचा रंग, त्यात किंचित राख.
मी कार्डं लावून पाहिली. एकही बसेना.
दोन नंबरांच्या बरोबर मधे होता तो,
जिथं मी आयुष्यभर 'नापास' लिहीत आलो.

आत्या दुपारी रिक्षानं आली.
नव्वद पूर्ण, गेल्या महिन्यात
उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढलेला, डावा बाकी.
एकोणसाठ साली कॅम्पातल्या एका डॉक्टरकडून
तिनं ही गाडी घेतली, स्वतःच्या पगारातून,
तेव्हा आजोबा तिच्याशी दिवाळीपर्यंत बोलले नव्हते.
तिनं आरसा धरला, एक डोळा मिटला, मग दुसरा.
"ह्या डोळ्यानं निळसर दिसतोय,
ह्यानं पिवळा.
कुठल्या डोळ्याचा लावणार आहात,
ते आधी ठरवा."

मिस्त्री हसले. मी नाही.
"आत्या, पण तुला आठवतो कसा?"
"मी आत बसायचे रे," ती म्हणाली.
"बाहेरचा रंग रस्त्यानं बघितला.
लकडी पुलावर एक हवालदार
रोज हात करायचा, थांबवायला नव्हे.
त्याला विचार. असला तर."

मिस्त्रींनी वाटीत पांढरा घेतला,
हिरवा ओतला, आगकाडीच्या टोकानं काळा,
मग पिवळा, थेंब, अजून अर्धा थेंब,
डब्याच्या झाकणावर बोट ओढलं.
मला तर हाच वाटला.
"ओला आहे," ते म्हणाले, "ओल्यावर जाऊ नका,"
आणि झाकण दारात उन्हाला ठेवलं,
शेजारच्या स्पेअर पार्टवाल्याच्या मांजरापासून लांब.

तोवर आत्या गाडीत शिरली होती.
सीट नव्हतीच, तिनं थिनरचा रिकामा डबा उपडा घातला,
त्यावर बसली,
पर्स मांडीवर, दोन्ही हात चाकावर.
समोर काच नाही, काचेच्या जागी
दारातली दुपार, आणि वाळत पडलेलं झाकण.
"चालू द्या तुमचं," ती म्हणाली.
"मला काही घाई नाही."