रकाना

परळला, तिसऱ्या मजल्यावर,
समुपदेशक बाई पेन्सिलीने आमचं घराणं काढतात.
पुरुष चौकोन, बाया गोल,
गेलेल्यांवर तिरकी रेघ.
हिराजी आजा: पोट.
धाकलूकाका: पोट.
चांगुणाआत्या?
"तिला नजर लागलेली," आई म्हणते.
बाई काही न बोलता गोल काळा करतात.

मग तक्ता. एका अक्षराचा फरक
आणि जपानात धोका इतका, कोरियात तितका,
युरोपात जवळपास नाहीच.
"न् वरळी कोळीवाडा?"
बाई चष्मा पुसत राहतात.
"तिथलं अजून कुणी मोजलंच नाही."

मी बाही वर करते.
आई पिशवीतून डबा काढते:
"उपाशी रगत देऊ नको गो."
सुकट-भाकर.
आत्या करायची तशीच,
मीठ अंमळ जास्त.