नल

तिसऱ्या सेमिस्टरचं प्रोजेक्ट: चालू धंद्याची माहिती प्रणाली.
मी बाबांची चक्की घेतली.

ग्राहक, धान्य, वजन, पैसे.
पहिल्याच रकान्यात अडले.
सर म्हणतात, प्रत्येकाला एक खूण हवी,
दुसऱ्या कुणाचीच नसलेली.
गावात शेवंता चौघी,
त्यातल्या दोघींचे नवरे रामाजी.

पिठानं पांढऱ्या झालेल्या भुवया वर करून बाबा म्हणाले,
"काहून अडली वं?
हा पोचा पडलेला डबा नाल्यापल्याडच्या शेवंतीचा.
लाल चिंधीवाली वेगळी, तिले जाडं लागते."
मी लिहिलं: पोचा. चिंधी. जाडं.

कोपऱ्यात एक डबा पोळ्यापासून तसाच.
मैनाबाईचा. लेकीकडे गेली ती गेलीच,
फोन लागत नाही.
स्थिती: पूर्ण, प्रलंबित, की रद्द?
मी नल टाकलं.

"म्हंजे शून्य?"
नाही बाबा. शून्य म्हणजे काही नाही, हे माहीत असतं.
नल म्हणजे माहीतच नाही.

ते बोलले नाहीत.
झाकण उघडून वास घेतला,
जुनं पीठ वासरापुढे टाकलं,
आणि घरची पायलीभर ज्वारी
चाड्यात ओतली,
लाइन जायच्या आत.